पेटीतला अडकित्ता

मालगुजारी गेली तरी मालगुजार जायला वेळ लागतो. गावाचा सारा वसूल करायचा तो जुना हक्क रद्द करणारा कायदा एका दिवसात लागू झाला, पण आमच्या तहसिलीतले जुने मालगुजार त्यानंतर चार-पाच वर्षं तरी कचेरीत आले की दारात थांबायचे. कुणीतरी खुर्ची आणून देईल अशी त्यांची खात्री असायची, आणि कुणीतरी ती आणून द्यायचंच. मी तिथं कारकून होतो. खुर्ची आणणाऱ्यांत मीही असायचो, हे कबूल केलेलं बरं.

त्यांतल्याच एका मालगुजारांचा अर्ज एक दिवस माझ्या टेबलावर आला. गाव नागभीडपासून सहा-सात मैलांवर, भोवती धान, मधे मोठा तलाव. अर्ज तीन पानांचा होता आणि त्यातली अडीच पानं आजोबांच्या शौर्यावर होती. आजोबांनी एका इंग्रज साहेबाला वाघाच्या तोंडातून सोडवलं. साहेबाने खूश होऊन आपलं रिव्हॉल्व्हर पेटीसकट त्यांना दिलं. पेटीच्या झाकणात विलायतेची छापील सनद आजही आहे. उरलेल्या अर्ध्या पानात मुद्दा होता. परवाना वडिलांच्या नावावर, वडील वारले, आता हत्यार घरात ठेवता येत नाही. तर सरकारने ते नागपूरच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवावं आणि खाली आजोबांचं नाव लिहावं.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. या चांदा जिल्ह्यात वाघाच्या तोंडातून सुटलेल्या साहेबांच्या जेवढ्या कथा मी ऐकल्या, तेवढे साहेब जिल्ह्यात कधी आले नसावेत. मला तर वाघांची कीव यायची. दरवेळी घास तोंडापर्यंत यायचा आणि कुणाचे तरी आजोबा आडवे यायचे.

तहसीलदारांनी जुन्या परवान्याची नक्कल समोर धरली. "यात आठ वस्तू लिहिल्यात. आठही डोळ्यांनी पाहा. असतील तर पेटी सरकारात जमा करू आणि नागपूरला लिहू. एखादी कमी असली तर कुठं आहे ते शोधा आणि ताब्यात घेऊनच या. गोळ्या पाडायचा साचा जंगलात फिरत राहिला तर उद्या मलाच विचारतील." मग चष्मा काढून म्हणाले, "आणि ती सनद वाचा. तुम्ही पुस्तकं वाचता म्हणे."

हे ते कौतुकाने म्हणाले नव्हते.

रेल्वेच्या छोट्या गाडीने नागभीडला उतरलो आणि भाड्याच्या सायकलने गावात गेलो. दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते, हलक्या धानाची कापणी चालू होती. मालगुजार साठीचे, उंच, आणि उकाड्यातही कोट घालून ओसरीवर बसलेले. मला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं, आणि मग पेटी आली. ती देवघरातून आली, पाटावर, लाल कापडात गुंडाळून, वर दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली माळ. मालगुजारांनी उदबत्ती लावली. मी पेन्सिलीला टोक करत होतो. हसू दाबायला मला ते काम नेहमी उपयोगी पडतं.

झाकण उघडलं आणि हसायची सगळी तयारी वाया गेली.

आत हिरव्या लोकरी कापडाची बनात होती, तलावाच्या शेवाळाच्या रंगाची, आणि तिच्यात लाकडी पट्ट्यांनी पाडलेले लहानमोठे खण. ताटात मीठ कुठं, लिंबू कुठं, भाजी कुठं हे जसं ठरलेलं असतं, तसं तिथं सगळं ठरलेलं होतं. प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराची जागा, आणि ती वस्तू त्या जागेत अशी बसलेली की आधी जागा झाली की आधी वस्तू, ते सांगता येऊ नये. मधे रिव्हॉल्व्हर आडवं पडलेलं. ठासणीचं, म्हणजे आपल्याकडच्या भरमार बंदुकीचं लहान भावंड. फक्त हे भावंड शिकून आलेलं. नळी आठ कोनांची. मुठीच्या लाकडावर बारीक चौकडी कोरलेली, हात घामाने घसरू नये म्हणून. लोखंडावर वेलबुट्टी होती, इतकी बारीक की मला चष्मा पुसून पुन्हा पाहावी लागली.

"घ्या हातात," मालगुजार म्हणाले.

मी घेतलं. शस्त्रांतलं मला काही कळत नाही, पण नीट केलेली वस्तू हाताला कळते. चक्र फिरवलं की पाच कोठ्यांपैकी एकेक कोठा नळीसमोर येऊन टक् करून थांबायचा, ना केसभर अलीकडे, ना पलीकडे. माझ्या खिशातलं घड्याळ त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षांनी लहान होतं आणि रोज दहा मिनिटं मागे पडायचं. मी पाचही कोठे दोनदा फिरवले. यादीसाठी एकदाही फिरवायची गरज नव्हती.

मग एकेक वस्तू लिहीत गेलो. बारुदाची तांब्याची कुपी, पेरूच्या आकाराची. तिच्या तोंडाशी एक खिट्टी होती. दाबली की एका बाराला लागेल तेवढीच बारूद बाहेर पडणार, जास्त नाही, कमी नाही. मालगुजारांनी ती दाबून दाखवली तेव्हा तळहातावर शेंदूर पडला.

"मारुतीले दरवर्षी एवढाच लागते," ते म्हणाले.

टोप्यांची डबी, आत बार पेटवणाऱ्या तांब्याच्या इवल्याशा टोप्या, मसुरीच्या डाळीएवढ्या. तेलाची कुपी. नळी साफ करायचा गज. पेचकस. पेटीची किल्ली. सात झाल्या. आठव्या खणात काहीच नव्हतं. बनात तिथं दबून काळपट झाली होती आणि दबलेल्या जागेचा आकार पकडीसारखा दिसत होता.

"इथं काय होतं?"

"अडकित्ता."

"अडकित्ता?"

"साहेब सुपारी खात असन ना. इंग्रज झाला म्हणून काय त्याले दात नव्हते?" मालगुजारांना माझ्या अज्ञानाचं थोडं वाईट वाटलं. "तो तलावावरच्या ढिवराकडे राहते. दसऱ्याले आणून पेटीत ठेवते, पूजा होते, रातभर पेटीत राहते. दुसऱ्या दिवशी घेऊन जाते. वडलांच्याही आधीपासून असंच आहे. आता मी बोलावून घेतो वापस. पेटी पुरी पाह्यजे."

ढिवर म्हणजे तलावात मासे धरून जगणारा. त्याच्याकडे असलेला अडकित्ता कसला, ते माझ्या लक्षात आलं. तहसीलदारांची झोप उडवणारा साचा तोच होता.

मी तो विषय तिथेच ठेवला आणि सनदीकडे वळलो. झाकणाच्या आत एक छापील कागद चिकटवलेला, वर सिंहाचं चित्र, भोवती नक्षी. त्यावर तीन पिढ्यांचं हळदकुंकू वाळलं होतं. खालच्या बाजूने पाण्याची एक तपकिरी रेघ गेली होती, कागदावरून निघून बनातीवर उतरलेली. मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. मालगुजार हात जोडून बसले होते. वाचून झाल्यावरही मी थोडा वेळ वाचत असल्यासारखं केलं.

"काय म्हणते विलायतेची राणीसाहेब?"

"हा कारखान्याचा कागद आहे," मी म्हणालो. "बंदूक कशी भरायची ते लिहिलंय. आधी बारूद, मग गोळी, मग ठासणं, मग टोपी. आणि ओल लागू देऊ नका म्हणून."

"आजोबांचं नाव?"

"नाही."

"वाघ?"

"सिंह आहे. तो कारखान्याचा."

त्यांनी झाकणावरच्या गोल पितळी चकतीवरून अंगठा फिरवला. ती चकती मालकाचं नाव कोरण्यासाठी असते. ती कोरीच होती. मी अनेक मोठ्या लोकांच्या बढाया उतरताना पाहिल्या आहेत आणि खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटते. त्या ओसरीवर ती वाटली नाही. ते उठले, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "चला, तुमचा अडकित्ता दाखवतो."

तलावाची पाळ उंच होती, वर चिंचेची जुनी झाडं. एका झाडाखाली तो ढिवर चुलीपाशी बसला होता. मालगुजारांच्याच वयाचा, काळा, किडकिडीत, कमरेला पंचा. त्याची बायको शेजारी नव्या जाळ्याची शेवटची कड विणत होती. चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळत होतं. हे शिसं म्हणजे चहाच्या खोक्यांतलं आतलं अस्तर. नागभीडच्या दुकानदारांकडून मासे देऊन आणलेलं. आणि त्याच्या हातात तो साचा होता, पकडीसारख्या दोन दांड्यांचा, तोंडाशी दोन जाड जबडे. काळा कुळकुळीत. पेटीतल्या सगळ्या वस्तूंत तेवढा एकच माझ्या डोळ्यांना जिवंत दिसला.

"हे कचेरीतले बाबू," मालगुजार म्हणाले. "अडकित्ता वापस दे. पेटी सरकारात चालली."

"आत्ताच देऊ?" ढिवराने वर पाहिलं नाही. "अर्धं जाळं झालं जी मालक."

"अर्धं तर अर्धं. तुले नागपूरहून दुसरा आणून देतो."

"नागपुरात ढिवर हायेत का?"

"पेटी पुरी नसली तर नागपूरवाले घेत नाईत, समजून घे. आजोबाचं नाव लागून राह्यलं तिथी काचेत."

"काचेत नाव लागते आन् इथी माही चूल विझते." आता त्याने वर पाहिलं. "उरलेल्या अर्ध्या जाळ्याले काय बांधू? तुमची सनद बांधू?"

त्याची बायको पदरात हसली. मालगुजारांच्या तोंडावर काही उमटलं आणि गेलं. सनदीचं काय झालं ते या दोघांना कुठून ठाऊक असणार.

मी बसलो आणि काय असतं ते समजावून द्या म्हणालो. त्याने सांगितलं ते असं. फेकायचं जाळं गोल असतं आणि त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. सगळे मणी एका वजनाचे असले तर जाळं हवेत उघडतं आणि सगळी कड एकदम पाण्याला टेकते. एक बाजू जड झाली तर ती आधी बुडते, आणि हलक्या बाजूने मासा निघून जातो. तलावात बुडालेले बुंधे आहेत, दरसाल मणी तुटून जातात, दरसाल नवे पाडावे लागतात. नवे मणी जुन्यांच्या वजनाचेच हवेत.

"हा हाये तोवर चिंता नाई," त्याने साचा हलवला. "हा गेला का मी गारगोट्या बांधनाऱ्यांत."

"हा तुमच्याकडे आला कसा?"

"माह्या आज्याले भेटला. साहेब बदकं माराले आला होता. तलावात डोंगा पालटला, साहेब वर आला, पेटी खाली गेली. आज्यानं सकाळपासून बुड्या मारल्या, दुपारी पेटी काढली. सगळी ओली. साहेब चिडला, म्हणे आता काय कामाची, आन् या मालकायच्या आज्याले देऊन टाकली. मोठे मालक चांगले होते. माह्या आज्याले म्हणाले, पेटी तू काढली, यातली एक वस्तू तुले वाटन ती घे. आज्यानं हे घेतलं. सगळे लय हासले म्हणते. पिस्तूल सोडून अडकित्ता घेतला."

"असं काही झालं नाई," मालगुजार म्हणाले. "वाघ होता."

"असन जी. वाघच पाण्यात पडला असन."

मला झाकणातली ती तपकिरी रेघ आठवली. वाघाने पाण्याची रेघ उमटत नाही. पण एकाच दिवसात एका माणसाचे आजोबा दोनदा काढून घेणं बरं नव्हे.

मग त्याने माझ्यासमोर मणी पाडला. साच्याच्या दोन्ही जबड्यांत अर्धी-अर्धी गोल वाटी होती. ती गोळीची जागा. पण त्या वाटीच्या आरपार, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एक खोल खाच गेली होती. ती इंग्रजांची नव्हती. बाकी सगळं लोखंड गुळगुळीत आणि या खाचेत कानसीचे ओरखडे. त्याने शिसं चिकटू नये म्हणून राखेत लोळवलेली सुतळीएवढी तार त्या खाचेत ठेवली, जबडे मिटले, वरून शिसं ओतलं, दहा आकडे म्हणण्याएवढं थांबला, साचा उघडला आणि तार पिळून ओढली. हातात चकचकीत गोल मणी, मधोमध भोक. त्याने तो पाण्यात टाकून माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा पाडला, तोही ठेवला. मी दोन्ही हातांत एकेक घेऊन तोलले. फरक असलाच तर तो माझ्या हातांना सापडणारा नव्हता.

"खाच कुणी पाडली?"

"आज्यानंच. भोकाबिगर मणी कसा ओवन?"

तेव्हा माझ्या मनात आलं ते मी मोठ्याने विचारलं. "तार न घालता पाडून दाखवता? नुसती गोळी?"

"काऊन? गोळी घेऊन काय करता?"

"पाहायचंय."

त्याने खांदे उडवले. तारेशिवाय जबडे मिटले आणि शिसं ओतलं. ते वरून आत गेलं आणि खाचेतून दोन्ही बाजूंनी वाहून मातीत पडलं. साचा उघडला तर वाटीत एक खपली होती, फुटक्या कवडीसारखी. दुसऱ्यांदा ओतलं, तसंच झालं. त्या साच्यातून मणी पडत होता, गोळी पडत नव्हती. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ती कधी पडलीच नव्हती.

मी ती खपली हातात घेऊन बसलो. ज्यांनी ती पेटी केली त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. घामेजलेल्या हाताचा केला, ओल्या बारुदीचा केला, टोपी हरवू नये म्हणून डबीचाही केला. आणि इथं एका माणसाने, ज्याला झाकणावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, बुडी मारून ती पेटी वर काढली, आत नजर टाकली आणि त्यातली नेमकी तीच वस्तू उचलली जिच्याशिवाय बाकीच्या सगळ्या मुक्या. नंतर एक कानस घेऊन दोन जबड्यांना खाच पाडली. पिस्तुलाचे दात पाडणं म्हणतात ते याला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, त्याला मणी ओवायचा होता. मी ती खपली रुमालात बांधून खिशात ठेवली.

ढिवराला वाटलं, मी अजून साचा नेण्याचा विचार करतोय. तो उठला, झाडावरचं जुनं जाळं काढलं आणि पाण्यात मांडीपर्यंत उतरला. "पाहून जा मग," म्हणाला. जाळं खांद्यावर घेतलं, कमरेतून वळला आणि सोडलं. ते वर जाऊन उघडलं. क्षणभर तलावावर एक मोठी, पातळ, पूर्ण गोल थाळी तरंगत होती, उन्हात चमकणाऱ्या कडेची. मग ती खाली आली. एवढ्या मण्यांचा मिळून आवाज एकच झाला, टाळीसारखा.

मालगुजार माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हे लहानपणापासून हजार वेळा पाहिलं असेल. ते म्हणाले, "बाबू, तुमच्या यादीत काय लिहिता?"

"साचा नेला तर आठ लिहीन. नाही नेला तर सात, आणि आठवा गोळीच्या कामाचा राहिला नाही असं. मग पेटी अपुरी. नागपूरचं मी सांगू शकत नाही."

त्यांनी तलावाकडे पाहिलं. ढिवर जाळं ओढत होता आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळत होता.

"सात लिहा," ते म्हणाले. "आन् सनदीचंही जे हाये ते लिहा. खोटं कायले."

तिथंच पाळीवर मी लिहिलं: आठवी वस्तू, गोळ्या पाडायचा साचा. मालकाच्या आजोबांच्या काळी त्यास आरपार खाच पाडून तेव्हापासून जाळ्याचे मणी करण्यात येतात. त्यातून गोळी पडत नाही, माझ्यासमक्ष दोनदा पाडून पाहिली. सबब शस्त्राचे साहित्य म्हणून तो आज अस्तित्वात नाही. मालगुजारांनी सही केली, ढिवराने अंगठा दिला. मला निघताना त्याच्या बायकोने पळसाच्या पानात बांधून मासे दिले. सरकारी माणसाने ते घ्यायचे नसतात. ते मी घरी तळून खाल्ले.

तहसीलदारांनी यादी दोनदा वाचली. "अस्तित्वात नाही म्हणजे? ताब्यात घ्या म्हटलं होतं."

"होता साहेब. आता तो मण्यांचा साचा आहे." मी ती शिशाची खपली टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उलटीपालटी केली. "आणि हे केलं कुणी?"

"एका ढिवराने. कानसीने."

"परवानगी?"

"मोठ्या मालकांनी हसून दिली होती."

त्यांनी खपली यादीवर ठेवली. मग म्हणाले, "आपल्या कचेरीला हे जमलं नसतं," आणि सही केली.

पेटी जमा झाली. मालखान्यात तिला जागा मिळाली ती जप्त केलेल्या मोहाच्या दारूच्या मडक्यांशेजारी. नागपूरला पत्र गेलं. उत्तर माझी बदली होईपर्यंत आलं नव्हतं. मधूनमधून काहीतरी तपासायच्या निमित्ताने मी मालखान्यात जायचो आणि झाकण उघडून पाहायचो. चक्रही फिरवायचो. यादीच्या सात वस्तू सातच असायच्या, आणि माझी नजर दरवेळी रिकाम्या खणाकडेच जायची.

पुढच्या दसऱ्याला मालगुजारांचं बोलावणं आलं म्हणून गेलो. ओसरीवर तोच पाट होता, तेच लाल कापड, झेंडूची ताजी माळ. कापडावर मधोमध एकटा साचा ठेवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. मारुतीचा शेंदूर आता वाटीत होता आणि मालगुजार तो बोटाने अंदाजाने घेत होते. त्यांना तो दरवेळी जास्तच वाटत होता. ढिवर धुतलेला सदरा घालून ओट्याच्या कडेला बसला होता. मालगुजारांनी त्याला आतल्या बाजूला बसायला सांगितलं. तो म्हणाला, इथीच बरं, वारा लागते.

आरती झाली. नारळ फुटला. ढिवर चुळबुळत होता.

"रातभर राहू दे ना रे," मालगुजार म्हणाले. "दरसाल राहते."

"पेटीत राहत होता जी. आता पेटीच कुठी हाये? उंदरं नेतीन." त्याने साचा उचलला, कुंकू तसंच ठेवून कमरेच्या पंच्यात खोचला. "येतो मालक. शिसं पळीत टाकूनच आलो."

मालगुजार पाटाजवळून उठले आणि त्याला सोडायला ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले. त्या घरातून आजवर तहसीलदाराला सोडायलाही कुणी तिथपर्यंत गेलं असेल, असं मला वाटत नाही.